कॅसेट ऑनलाइन टाका, पण गाणाऱ्याचे नाव पुसू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्याच्या पेठांमधले वाडे पुनर्विकासाला जाऊ लागले तशी माळ्यावरची खोकी खाली येऊ लागली. त्यांतून घरगुती बैठकी, कीर्तने, नाट्यपदे यांच्या कॅसेट निघत आहेत. त्या भंगारात न जाता ऑनलाइन येतात, याचा मनापासून आनंद आहे. पण घाईत आवाजाची नासाडी होते आणि गाणारे कोण हेही हरवते. जुनी कॅसेट पुष्कळदा एकदाच नीट वाजते, म्हणून हे सविस्तर पत्र.

वाजवण्याआधी फीत उजेडात पाहावी. कडेला पांढरट ठिपके असतील तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये, म्हणजे वाजवण्याच्या यंत्रात, घालूच नये; बुरशी हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला, लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक फितीला. फितीमागची फेल्टची छोटी गादी गोंद वाळून गळालेली असेल तर आवाज दबका येतो, मधेच जातो. कवचाला पाच स्क्रू असतील तर फिरक्या उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवता येतात. ६० मिनिटांच्या कॅसेटची फीत सुमारे १८ मायक्रॉन जाड असते, ९० ची १२ आणि १२० ची जेमतेम ९. लांब ख्याल मधे तुटू नये म्हणून १२० ची कॅसेट लावली जाई, आणि ताणते, तुटते तीच. शिवाय वर्षानुवर्षे गुंडाळून राहिल्याने एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो आणि तान सुरू होण्याआधीच तिची पुसट चाहूल ऐकू येते. वाजवण्यापूर्वी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळली की हा दोष थोडा कमी होतो, फितीचा ताणही सारखा होतो.

संगणकाला थेट जोडायचे स्वस्त प्लेअर या कामाला घेऊ नयेत. त्यांचा वेग डळमळतो आणि तानपुरा थरथरतो. जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी शोधल्यास चांगला डेक हाती लागू शकतो. आतला रबरी पट्टा चिकट झाला असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत विचारावे. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. रबरी रोलरला मात्र ते लावू नये, रबर कडक होते. त्याला ओलसर कापड पुरे. मग हेडशेजारचा बारीक स्क्रू. मूळ रेकॉर्डरच्या हेडचा कल आणि आपल्या डेकचा कल क्वचितच जुळतो, म्हणून तबल्याची चाट (कडेवरचा टणत्कार) किंवा टाळ सर्वांत लख्ख वाजेल तिथे तो हलक्या हाताने आणावा. प्रत्येक कॅसेटसाठी हे नव्याने करावे लागते. डॉल्बीचे, म्हणजे फितीची खरखर दाबणाऱ्या यंत्रणेचे, बटण मूळ ध्वनिमुद्रण डॉल्बीत असेल तरच दाबावे.

डेकच्या लाइन-आउटमधून (आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून) ऑडिओ इंटरफेसमध्ये, म्हणजे आवाज संगणकात घेणाऱ्या उपकरणात, २४ बिट आणि ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झवर मुद्रण करावे. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. ४८ वर ९० मिनिटांची फाइल साधारण दीड जीबीची होते, ९६ वर तीन जीबीची. या मूळ फाइलवर खरखर काढण्याचे सॉफ्टवेअर अजिबात चालवू नये. सतत एकसारखा वाजणारा आवाज म्हणजे गोंगाट, असे ते सॉफ्टवेअर धरते, आणि बैठकीत सतत वाजतो तो तानपुरा. जवारी, म्हणजे तानपुऱ्याची झणकारती गुंज, निघून जाते आणि गळा कोरडा, निराधार उरतो. सफाई करायचीच तर वेगळ्या प्रतीवर. वेगाचेही तसेच. मुद्रणाच्या वेळी सेल उतरलेले असतील तर आज गाणे चढ्या पट्टीत ऐकू येते. अर्ध्या सुराचा फरक म्हणजे वेगात सुमारे सहा टक्के. तोही प्रतीत दुरुस्त करावा आणि केला असल्याचे लिहावे.

लिहिण्याचा भाग सर्वाधिक दुर्लक्षित आहे, आणि आमच्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. व्हॉट्सॲपवर ऑडिओ म्हणून गेलेल्या फाइलला नुसती तारीख आणि क्रमांक एवढेच नाव उरते. चार ग्रूपनंतर तबलजी कोण, बैठक कुठली, काही कळत नाही. मग कोणीतरी अंदाजाने एखाद्या मोठ्या गायकाचे नाव चिकटवतो आणि तेच पसरते. हे काम नीट कसे करावे याचा उत्तम नमुना पुण्यातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी सहकाऱ्यांसह जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या २०१७ पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) या संकेतस्थळावर येत आहेत. तिथे ओवीसोबत गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव असते. आपल्या कॅसेटलाही हेच लागते: गायक, प्रत्येक साथीदार, तानपुऱ्यावर कोण, राग, ताल, बंदिशीचे बोल, जागा, वर्ष, मुद्रण कोणी केले, मूळ कॅसेट आता कोणाकडे. कॅसेटच्या दोन्ही बाजूंचे आणि आतल्या कागदाचे फोटोही सोबत ठेवावेत.

परवानगीचा प्रश्न तीन थरांचा आहे. शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे असतो. नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, त्यांच्या पदांचे शब्द मोकळे आहेत. कवी ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले, त्यांच्या शब्दांवर २०३७ अखेरपर्यंत हक्क आहे. दुसरा थर मुद्रण करणाऱ्याचा. तिसरा कलाकारांचा, ५० वर्षांचा: १९९८ च्या बैठकीसाठी २०४८ अखेरपर्यंत. कलाकार म्हणून नाव लावले जाण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आला आहे, आणि त्यात साथीदारही येतात. ‘हक्क मूळ मालकाचे’ असे खाली लिहिल्याने काहीही साधत नाही. कलाकाराला किंवा वारसांना विचारून दोन ओळींची लेखी संमती घ्यावी. क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापर खुला करणारा, परवाना द्यायचा तर तो हक्कदारानेच द्यायचा असतो, आणि एकदा दिला की मागे घेता येत नाही, हे त्यांना आधी सांगावे. पुढे यूट्यूबच्या यंत्रणेने चुकून दुसऱ्याच्या मुद्रणाशी जुळवून दावा लावला तर हीच संमती आणि नोंद कामी येते.

फाइलच्या प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. २००३ च्या जानेवारीत याच शहरात चटकन पेट घेणाऱ्या जुन्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांच्या मूळ प्रती गेल्या.

शहरातल्या वाचनालयांना विनंती, की एक दुरुस्त डेक, एक इंटरफेस आणि नोंदीचे छापील फॉर्म ठेवून आठवड्यातून एक दुपार या कामाला द्यावी. कॅसेट परत देता येते, त्यामुळे जागेचा प्रश्न येत नाही. ज्यांच्या घरी अशी खोकी आहेत त्यांनी मात्र डेक मिळेपर्यंत थांबू नये. कव्हरवर बहुधा ‘बैठक, ८६’ एवढेच असते. त्या रात्री पेटीवर कोण होते हे सांगू शकणारे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन याच आठवड्यात जावे.

आपले,
ध्वनिमुद्रणांच्या जतनाचे काम करणारे काही वाचक,
पुणे