वासाचं मूळ सापडलं तरच पैसे घे

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू घाईत होतास, म्हणून सविस्तर लिहितोय. वॉशिंगला येणाऱ्या गाड्यांना आतला वास घालवून द्यायचं जादा काम सुरू करायचं तुझ्या मनात आहे. जरूर कर. पुण्यात सेकंडहँड गाड्या घेणारे, कुत्री पाळणारे, लहान पोरांना घेऊन घाट उतरणारे भरपूर आहेत, गिऱ्हाइकाला तोटा नाही. पण येईल त्या गाडीच्या बिलात ते चढवू नकोस. वास कुठून येतोय हे तुला सापडलं, तरच ते काम घे. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटवून पैसे घेणारे चौकाचौकात बसलेत. चार दिवसांनी अत्तर उडतं, खालचा कुबट वास तिथंच असतो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

गाडी आली की लगेच काचा खाली करू नकोस. काचा बंद ठेवून थोडा वेळ उन्हात उभी कर, मग दार उघड आणि तो पहिला भपकारा नीट हुंग. त्यानंतर थोड्याच वेळात नाक सरावतं आणि काही कळेनासं होतं. मालकाचं नाक तर कधीच सरावलेलं असतं, म्हणून तो ‘तसा काही वास नाही हो, बायको म्हणते’ असं सांगतो. बायकोचं ऐक. काम झाल्यावरही स्वतः तपासू नकोस, बाहेर दुसरी गाडी पुसणाऱ्या पोराला बोलावून दार उघडायला लाव.

आता एसी. माझा सगळा जन्म कूलिंग कॉइलपुढे गेला, त्यामुळे इथं थोडं जास्त लिहितो. कॉइल थंड होते, हवेतली ओल तिच्यावर धरते, त्या ओलीवर धूळ बसते. गाडी बंद केली की आत अंधार, दमटपणा आणि धूळ, बुरशीला आणखी काय हवं? असल्या गाडीत एसी लावल्या लावल्या आंबूस, ओल्या मोज्यासारखा वास येतो आणि जरा वेळानं कमी होतो. अशा वेळी सीट धुऊन काही उपयोग नाही. एसी चालू ठेवून आधी गाडीखाली बघ, पाणी ठिबकतंय का. ठिबकत नसेल तर ड्रेन पाइप तुंबलाय आणि ते पाणी शेजारच्या सीटच्या पायाखाली उतरत असणार. तिथली मॅट उचलून हात दाबून बघ. मग ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर, म्हणजे आत येणारी हवा गाळणारी जाळी, काढ (बहुतेक गाड्यांत तो त्याच्या मागेच असतो). काळा पडलेला, पानं अडकलेली जाळी निघाली की ती गिऱ्हाइकाच्या हातात दे. मग त्याला वेगळं काही समजवावं लागत नाही. कॉइलवर फोम क्लीनर मारून तो ड्रेन पाइपातून पुरता गळू दे, नवा फिल्टर बसव. आणि जाताना एक गोष्ट फुकट सांग: घर जवळ आलं की एसी बंद करून नुसता पंखा काही मिनिटं चालू ठेवायचा, कॉइल सुकते.

ओल हा दुसरा मोठा शत्रू. ऑगस्ट २०१९ चा महापूर ओसरल्यावर सांगलीत काय झालं ते तू पाहिलंस. गाड्या धुतल्या, वरून चकचकीत केल्या, आणि काही दिवसांत आत श्वास घेववेना. कार्पेट वरून कोरडं लागतं, पण त्याखालचा जाड नमदा पाणी धरून बसतो. सीट खोलून, कार्पेट उचलून, नमदा बाहेर काढून उन्हात वाळवल्याशिवाय तो वास जात नाही, आणि गाळ शिरलेला असेल तर नमदाच बदलावा लागतो. हे जादा काम म्हणून तासाभरात उरकण्यातलं नाही, दोन-तीन दिवस लागतात. तसं तोंडावर सांग आणि त्याचा दर वेगळा ठेव.

सीट खोलताना खाली पिवळ्या कनेक्टरच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या आहेत. बॅटरीची वायर सोडवून थोडा वेळ थांबल्याशिवाय त्यांना हात लावायचा नाही. पोरांना हे पहिल्या दिवशीच शिकव.

सांडलेल्या वस्तूंचं म्हणशील तर प्रत्येकीची रीत निराळी. दुधावर गरम पाणी किंवा वाफ आधी मारू नकोस, त्यातली प्रथिनं कापडात घट्ट बसतात. गार पाण्यानं भिजवून व्हॅक्यूमनं ओढून काढ, मग एन्झाइमचं क्लीनर टाक आणि त्याला वेळ दे. ते ओलं असेतो काम करतं, त्यामुळे लगेच पुसलं तर पैसे वाया. कुत्र्यामांजराच्या मुताला आणि पोरांच्या उलटीलाही तेच. मासळीचं वेगळं. मालवणाहून बर्फातले बांगडे आणले, थर्माकोलचा डबा डिकीत पाझरला, अशी गाडी पावसाळा सोडला तर कधीही येईल. तो वास देणारं द्रव्य अल्कधर्मी असतं, म्हणून पाण्यात थोडं लिंबूसत्व विरघळवून पुसलं की तो मरतो. पण स्टेपनीचा खड्डा विसरू नकोस, पाणी तिथंच साठतं. सिगरेटचा वास काचांवर आणि छताच्या कापडावर चिकटलेला असतो. काचा आतून दोनदा पूस. छताला मात्र पाणी मारायचं नाही, नुसत्या ओलसर कापडानं टिपून घे. भिजलं की गोंद सुटतो आणि कापड डोक्यावर लोंबायला लागतं. जुन्या सिगरेटवाल्याला ‘पूर्ण जाईल’ असं कधीच लिहून देऊ नकोस, ‘कमी होईल’ एवढंच म्हण.

मेलेला उंदीर निघाला तर हातमोजे आणि मास्क लावल्याशिवाय कुणी हात घालायचा नाही. उंदरांपासून होणाऱ्या लेप्टोची भीती खरी आहे.

तू ओझोन मशीनचं म्हणालास, गाडीत ओझोन वायू सोडून वास मारणारं. मशीन वाईट नाही, पण मूळ जागेवर असेल तर ओझोन काही करत नाही, म्हणून ते सगळ्यात शेवटी. आणि तो वायू फुप्फुसाला घातक आहे. अमेरिकेतल्या कामगार सुरक्षेच्या नियमात आठ तासांच्या पाळीसाठी त्याची मर्यादा दहा लाखांत ०.१ भाग आहे. इतक्या कमी मात्रेचं भय आहे, यावरून काय ते समज. मशीन चालू असताना गाडीत माणूस, कुत्रं, पोपट कुणी नको, गाडी बंद शेडमध्ये नको, आणि नंतर चारी दारं उघडून ती पुरेशी हवा खाऊ दे, मगच किल्ली द्यायची. जास्त वेळ ठेवलंस तर दाराचे रबरही खराब होतात. ब्लीच आणि संडासचं अॅसिड तर एका बादलीत कधीच येऊ देऊ नकोस, क्लोरिन सुटतो.

काही वास तुझ्या कामाचेच नाहीत. पेट्रोलचा, जळक्या वायरीचा, एसी लावला की गोडसर वास आणि काचेवर आतून चिकट धुकं (तो कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, गळतोय), या गाड्या सरळ मेकॅनिककडे पाठव. सीएनजीचा वास आला तर बटण, लाइट काही दाबू नका, दारं उघडा, गाडी ढकलत बाहेर काढा. त्या गाडीचं एक रुपयाही बिल करू नकोस. असा माणूस आयुष्यभर तुझ्याकडे येईल.

दराचं माझं मत असं: बघण्याचे थोडे पैसे वेगळे घे आणि काम झालं तर बिलातून वजा कर. वास कुठून येतोय, काय करणार, किती जाईल, हे तीन ओळींत कागदावर लिहून सही घे. तीन दिवसांनी स्वतः फोन करून विचार. परत आला असेल तर एकदा फुकट बघ.

ओझोनचं मशीन घेण्याआधी मला फोन कर, कुठलं घेतोस ते ऐकायचंय. कॉइलमध्ये फोम सोडायची माझी लांब नळी कपाटात पडून आहे, पुढच्या खेपेला येताना ती आणतो आणि तुझ्या पोरांना दोन गाड्यांवर करून दाखवतो. आई ठीक आहे, गुडघा कमी दुखतोय.

तुझे बाबा