भिंगवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे उघड पत्र. नाण्यांच्या प्रदर्शनात मी सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया घ्यायला पाकीट काढलं आणि शेजारून तुम्ही नुसतं “बघू?” म्हणालात.

माझ्या परीने मी तपासलं होतं. वजन 11.66 ग्रॅम, पुरता तोळा. कडेला साध्या उभ्या खाचा. 1940 पासूनची वेगळी कड नव्हती. तुम्ही त्यातलं काहीच पाहिलं नाहीत. खिशातलं भिंग सरळ सालावर धरलंत. 9 च्या खाली डावीकडे चांदी खरवडलेली, तेवढाच ठिपका गुळगुळीत आणि किंचित खोल. “8 चा 9 केलाय.” वजन चुकणार कसं? रुपया खराच होता, फक्त 1938 चा! दुकानदार दुसरीकडे बघू लागला.

मग चहा घेताना तुम्ही सांगितलंत. 1922 नंतर टांकसाळीने रुपया पाडला तो थेट 1938 मध्ये. 1939 ला थोडे निघाले आणि 1940 मध्ये चांदी 91.7 टक्क्यांवरून 50 वर आली. मग चांगला रुपया बाजारात कोण काढतो? लोकांनी दडवले, सोनारांनी आटवले, उरलेसुरले सरकारने गोळा केले. “पाडले किती ते कॅटलॉगात सापडतं, वाचले किती ते नाही,” असं म्हणत तुम्ही पंचम जॉर्जच्या 1911 च्या रुपयावर आलात. पाडले सुमारे 94 लाख, बाहेर आले जेमतेम 7 लाख. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर वाटला, म्हणून बाकीचे वितळवले!

तिथे मी दचकलो. आजीच्या डब्यात 1911 चा एक आहे, माळेत ओवायला डाक देऊन कडी लावलेला. कडी काढून, चिंचेने घासून लख्ख करायचा माझा बेत होता. “हात लावू नकोस,” तुम्ही जवळजवळ ओरडलातच. कडीमुळे संग्राहक त्याला फारसं विचारणार नाहीत हेही स्पष्ट सांगितलंत. चालेल. घरी येऊन पाहिला, हत्ती खरंच डुकरासारखा दिसतो.

पाहिला तुमच्याच भिंगातून. गडबडीत ते माझ्या खिशात आलं. पुढच्या प्रदर्शनात पहिल्या दिवशी सकाळीच येतो, त्याच चहाच्या टपरीपाशी. पैसे मात्र या खेपेला मी देणार.

तुमचा,
पाकीट वाचलेला