गायमुखचा उतार आणि गॅरेजमधले हात

घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट, मुंब्रा बायपासचा उतार, येऊरची वळणं. भर पावसात इथून गाड्या सुखरूप उतरतात, त्यामागे ठाण्याच्या गॅरेजांतली माणसं आहेत. त्यांची नावं बिलावरही नसतात. त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

ब्रेकचे पॅड झिजून ३ मिलिमीटरवर आले की ते बदलायलाच लावणाऱ्यांचे आभार. त्याहून जास्त, पॅड बदलताना कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, पिना बाहेर काढणाऱ्यांचे. हे काम कुणाला दिसत नाही, म्हणून बरेचदा राहून जातं. पिनेवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटला की पाणी आत शिरतं, पिन गंजून अडकते. मग एक पॅड पार पत्र्यापर्यंत झिजतो, दुसरा जवळपास नवाच राहतो. जुनं ग्रीस पुसायचं, पिन बोटाने सहज सरकते का बघायचं, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यायचा. साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं.

ब्रेक ऑइल ओलावा शोषतं. नव्या डॉट ४ प्रकारच्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस. पाणी मुरलं की तो १५५ च्या आसपास येतो. उतारावर तापून त्यात वाफ धरली की पेडल मऊ पडतं. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदलून चारही चाकांतली हवा काढणाऱ्या जोड्यांचे आभार: सीटवरचा पेडल दाबून धरतो, खालचा हवा काढायचा निपल सोडतो, आवळतो, आणि "सोड" म्हटल्याशिवाय वरचा पाय हलत नाही.

चावी देताना "उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच ठेवा" असं बजावणाऱ्यांचेही आभार.