झाडू हातात देणे ही शिक्षा कशी?

महोदय,

1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 4 मध्ये मृत्युदंड, जन्मठेप, सश्रम किंवा साधी कैद, मालमत्ता सरकारजमा करणे, दंड आणि सामुदायिक सेवा अशा सहा शिक्षा सांगितल्या आहेत. पहिल्या पाच जुन्या भारतीय दंड संहितेतही होत्या. सहावी शिक्षा नवी असून हे पत्र तिच्यापुरतेच आहे.

पाच हजार रुपयांहून कमी किमतीची पहिलीच चोरी केलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर त्याला तुरुंगाऐवजी ही सेवा करावी लागते. दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी उपद्रव करणाऱ्याला चोवीस तासांपर्यंतची साधी कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, नाहीतर ही सेवा. जुन्या कायद्यात हाच दंड फार तर दहा रुपये होता! अब्रुनुकसानीलाही हा पर्याय आहे. मात्र सेवा कोणती आणि किती तास, हे संहितेत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम 23 मध्ये व्याख्या आहे, पण समाजाच्या हिताचे, मोबदला नसलेले काम, एवढेच ती सांगते. बाकी सारे न्यायाधीशांच्या विवेकावर.

या मोकळ्या जागेत आपल्या इंदूरमध्ये सगळ्यांना पहिल्यांदा झाडूच सुचतो. आमच्या रामबागेतल्या कट्ट्यावर परवा हीच चर्चा रंगली होती, की सराफ्यात, म्हणजे रात्री खाऊगल्ली होणाऱ्या आमच्या बाजारात, रात्री धिंगाणा घालणाऱ्यांकडून पहाटे रस्ता झाडून घ्यावा. गल्ली झाडणाऱ्या बाई कचरा सुपलीत भरता भरता ऐकत होत्या. त्यांनी हिंदीत एवढेच विचारले, की मग आम्ही रोज कोणत्या गुन्ह्याची सजा भोगतो? कट्टा गप्प झाला. मीही त्यातलाच होतो.

ज्यांच्या कष्टांवर शहर वर्षानुवर्षे स्वच्छतेचे पारितोषिक मिरवते, त्यांचे रोजचे काम गुन्हेगाराच्या हाती शिक्षा म्हणून देणे मला अनुचित वाटते. सरकारी रुग्णालयात स्ट्रेचर ढकलणे, ग्रंथालयातील पुस्तके लावणे, उन्हाळ्यात रस्त्याकडेच्या रोपांना पाणी घालणे, अशी कामे थोडी नाहीत. कामांची अशी यादी, तासांची मर्यादा आणि हजेरी कोणी घ्यायची, हे राज्य शासनाने लेखी ठरवून प्रत्येक न्यायालयात लावावे, आणि त्या यादीत झाडू नसावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी
रामबाग, इंदूर