टेबलावरची चळत

सातारा
रविवार

चि. गौरीस,
अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी व्हिडिओ कॉलवर तू टेबलावरची पुस्तकांची चळत दाखवलीस, तेव्हा मी मुद्दामच गप्प बसलो. तुझी आई शेजारी होती. नापास झालेल्या लेकीला त्याच दिवशी अक्कल शिकवायला गेलो असतो तर रात्रीचं जेवण मिळालं नसतं. आता चार दिवस झालेत, म्हणून लिहितो.

तुझ्या अमेरिकेतल्या आर्किटेक्ट परवान्याच्या परीक्षेतल्या 'प्रॅक्टिस मॅनेजमेंट', म्हणजे फर्म चालवण्यावरच्या, एका पेपरासाठी तीन गाईड, एक महिन्याच्या वर्गणीचं ॲप, फ्लॅशकार्डं आणि ऑफिसातल्या कुणीतरी दिलेलं जुनं खोकं. यातलं निम्मं तू भीतीपोटी गोळा केलंस, हे न सांगताही कळलं. मी ओळखणारच. आमच्या वेळी आर्किटेक्चरची पदवी हातात पडली की काउन्सिलकडे अर्ज करायचा, नोंदणी क्रमांक यायचा, संपलं. पण पुढे मी व्हॅल्युएशनचा अभ्यास करायला घेतला तेव्हा बाजारात दिसेल ते पुस्तक आणलं होतं. एकही शेवटपर्यंत वाचलं नाही. प्रत्येक पुस्तकाची पहिली दोन प्रकरणं मात्र तोंडपाठ!

तुझ्या निकालाच्या कागदावर प्रत्येक भागात तू कुठे कमी पडलीस ते दिलंय ना? आधी तो कागद समोर ठेव. मग 'एनकार्ब'ची, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या संस्थेची, स्वतःची मार्गदर्शिका उघड. ती फुकट आहे, आणि म्हणूनच बहुतेक तू ती नीट वाचली नसणार. त्यात या पेपराचे चार भाग आहेत. पैसा, जोखीम आणि व्यवसायाची वाढ या भागाला सगळ्यात जास्त वजन आहे, 29 ते 35 टक्के. तुझी फ्लॅशकार्डं मी कॅमेऱ्यातून जमतील तेवढी वाचली. फर्म किती प्रकारच्या असतात, यावरच ती अडकलेली दिसली. ओव्हरहेड, म्हणजे फर्मचा वरखर्च, कसा काढायचा, माणसाचे किती तास बिलाला लागतात, यावर एक कार्ड दिसलं नाही. त्या मार्गदर्शिकेतल्या एकेका उद्दिष्टासमोर लिही, हे मी कुठून वाचणार. जे पुस्तक कुठल्याच ओळीसमोर येणार नाही ते कपाटात जाऊ दे.

जुन्या खोक्याबद्दल. परीक्षेची 4.0 आवृत्ती जून 2018 ला बंद झाली. तेव्हा सात पेपर होते, आता 5.0 मध्ये सहा आहेत. त्या खोक्यातले ड्रॉइंग करून सोडवायचे 'व्हिनेट' आता येतच नाहीत, ते रद्दीत घाल. स्ट्रक्चरच्या नोट्स मात्र ठेव, तुळईच्या वाकण्याची आवृत्ती काही बदललेली नाही. करारांवरचं पुस्तक कुठल्या सालचं आहे ते पाहा. 'ए-201' वगैरे, म्हणजे तिकडचे बांधकामाचे छापील नमुना-करार, 2017 मध्ये नव्याने आले, आणि विम्याचा बराचसा मजकूर तेव्हा 'ए-101' या मालक-कंत्राटदार कराराच्या जोडपत्रात गेला. 2007 च्या मसुद्यावरचं पुस्तक घोकलंस तर चुकीचं उत्तर छातीठोकपणे देशील.

आणि करार सारांशातून वाचू नकोस. मूळ कागद वाच, हातात पेन्सिल घेऊन, दोनदा. हे मी एवढं का सांगतो ते ऐक.

मी नवीन असताना इथे एका बंगल्याचं काम घेतलं होतं. करार म्हणजे एक पानभर मजकूर. स्लॅब पडल्यावर मालक म्हणाले, वर एक खोली काढू. मी गवंड्याला तोंडी सांगितलं, काम झालं. कंत्राटदाराने जादा बिल लावलं, तर मालक म्हणाले, मी असं बोललोच नव्हतो. कंत्राटदार माझ्या दारात येऊन बसला. माझी उरलेली फी त्यातच गेली, आणि तुझ्या आईची शिलाई मशीन वर्षभर लांबणीवर पडली.

तू दहावीच्या सुट्टीत माझ्याबरोबर साइटवर यायचीस. "ही खिडकी फूटभर इकडे घे रे," असं मी म्हणालो की काम सुरू व्हायचं. तुझ्या डोक्यात आर्किटेक्ट म्हणजे तेच. ए-201 मध्ये तसं चालत नाही. किंमत आणि मुदत न बदलणारा किरकोळ फेरफार आर्किटेक्ट एकटा सांगू शकतो. पैसे किंवा दिवस बदलले की चेंज ऑर्डर, म्हणजे बदलाचा लेखी कागद, लागते, मालक, कंत्राटदार आणि आर्किटेक्ट अशा तिघांच्या सहीची. कंत्राटदार राजी नसेल आणि काम थांबवायचं नसेल, तर मालक आणि आर्किटेक्टच्या सहीचा वेगळा आदेश. दावा करायचा तर 21 दिवसांत. प्रश्न वाचताना तुझा हात माझ्या साइटवरच्या उत्तराकडे जाईल, तिथे थांब.

हेच करार 'प्रोजेक्ट मॅनेजमेंट' आणि 'कन्स्ट्रक्शन अँड इव्हॅल्युएशन'लाही लागतात. तिन्हींसाठी वेगवेगळी गाईडं घेऊ नकोस. हे तीन पेपर पाठोपाठ दे, वाचलेलं ताजं असतानाच.

एनकार्बच्या सराव परीक्षाही फुकट आहेत. त्या तू शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवल्या होत्यास, हे मला पटलं नाही. एकदा मध्यावरच सोडव, वेळ लावून, त्यांच्या त्या स्क्रीनवरच्या फळ्यावर आकडेमोड करून. कच्चा कागद मिळत नाही म्हणून तुझा गोंधळ उडाला, असं तूच म्हणालीस ना? पैसे भरून घ्यायचंच असेल तर एकच प्रश्नसंच घे, आणि असा घे की ज्यात चुकलेलं उत्तर का चूक तेही लिहिलेलं असेल. ॲपची वर्गणी आजच बंद कर. पुन्हा बसायला साठ दिवस थांबायचंय, तोवर ते दोनदा पैसे कापतील.

फीची काळजी करू नकोस. एका पेपराला दोनशेहून जास्त डॉलर म्हणजे आईने इथे रुपयांत हिशेब केलाच, पण तो मी तुला सांगणार नाही.

खोक्यातल्या पुस्तकांच्या मागच्या पानांचे फोटो पाठव, छपाईचं साल दिसेल असे. मेतकूट आणि कंदी पेढ्यांचं पार्सल मंगळवारी निघालंय.

तुझा,
बाबा