पावती नको म्हणाले

हिंगोली,
११ ऑक्टोबर

प्रिय दिगू,

सात महिने झाले, तुला ना फोन ना पत्र. वहिनींच्या ऑपरेशनलाही आलो नाही, त्याची फार लाज वाटते. आमच्याकडे ठीक. माझी शुगर वर-खाली, हिची कंबर तशीच.

साठी झाली आणि जिल्हाध्यक्षपद सोडलं, हे पेपरात वाचलं असशील. पुढचं पेपरात आलेलं नाही. कयाधूकाठी नाल्यांचं काम करणाऱ्या आणि मुलींचं वसतिगृह चालवणाऱ्या ट्रस्टने मला कार्यकारी प्रमुख नेमलंय. मानधन, टेबल, हिशेबनीस, सगळं रीतसर. खूप आनंदात होतो. परवापर्यंत.

परवा वसतिगृहाच्या पाण्याच्या टाकीसाठी जिनिंगवाल्या शेठकडे गेलो. मी विषय काढायच्या आत त्यांनी ड्रॉवर उघडला, पाकीट माझ्या हातात ठेवलं आणि हळूच म्हणाले, "भाऊ, पावती नको." टाकी केवढी, मुली किती, कुठल्या गावच्या, एका शब्दाने विचारलं नाही. चहा पाजला, गेटपर्यंत सोडायला आले. दिगू, तीस वर्षं राबून माझ्या नावाला हाच अर्थ आलाय का रे?

हिला सांगितलं तर म्हणाली, पैसे मिळाले ना? पोरगा म्हणाला, यापुढे खात्यावर घेत जा. दोघांचंही खरंच आहे. पण किल्लारीच्या भूकंपानंतर मोंढ्यात माझ्यासोबत तू फिरला होतास. १९९३ साल, तुझा पक्ष वेगळा, माझा वेगळा, पावतीपुस्तक एकच. हमालाने दोन रुपये दिले तरी तू त्याचं पूर्ण नाव विचारून पावती फाडायचास. मागे रांग लागायची आणि मी चिडायचो. एका म्हाताऱ्याला तर तू आडनावातला र्‍हस्व-दीर्घ विचारलास! आक्का ही गोष्ट अजून सांगते आणि पदराने डोळे पुसत हसते.

आज तारीख बघून तुझी आठवण आली नसती तरच नवल. जेपींची, जयप्रकाश नारायणांची जयंती आणि नानाजी देशमुखांचीही. तुझे जेपी, माझे नानाजी. आपण चित्रकूटला गेलो होतो तेव्हा रामघाटावर केवढे भांडलो! माकडाने तुझी चप्पल नेली तरी तुझं भाषण थांबलं नव्हतं. तुझं म्हणणं, नानाजी हा माणूस पळाला. जनता पक्षाचं घर पेटलेलं असताना स्वतः बाहेर पडला. मी म्हणत होतो, १९७७ ला बलरामपूरहून निवडून येऊन मंत्रिपद नाकारणारा माणूस पळपुटा कसा? शेवटी १९७४ च्या ४ नोव्हेंबरला पाटण्यात जेपींवरची लाठी अंगावर घेऊन नानाजींचा हात मोडला, तिथे येऊन आपण दोघंही गप्प झालो होतो.

तेव्हा मला त्यांचं सोडणंच मोठं वाटायचं. साठीनंतर राजकारण्यांनी बाजूला व्हावं असं ते म्हणाले आणि १९७८ मध्ये स्वतःच बाहेर पडले. मी साठीला पद सोडलं तेही त्यांच्याकडे बघूनच. पण आता वाटतं, आपण दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडत होतो. त्यांनी राजकारण सोडलं, पण कसब कुठे सोडलं? आपल्या कडोळीतला हा मुलगा, शाळेच्या फीसाठी भाजी विकलेला. गोरखपुरात संघाचा प्रचारक, मग उत्तर प्रदेशात जनसंघ गावोगाव उभा करणारा. १९६७ ला तिथे पक्षाचे ९८ आमदार आले, ते काय नुसत्या सभांनी? माणूस हेरायचा, त्याला गावात रुजवायचा आणि त्याच्यामागे पैसा उभा करायचा. इंडियन एक्स्प्रेसच्या रामनाथ गोएंकांसारख्यांशी घरोबा होता तो राजकारणातूनच. मग उत्तर प्रदेशातल्याच गोंडा जिल्ह्यात लोखंडी पाइप परवडत नाहीत म्हणून बांबूच्या कूपनलिका घालून शेताला पाणी दिलं. चित्रकूटला पदवीधर नवरा-बायको गावात राहायला पाठवले. ते दुसरं काय, प्रचारकच की, फक्त संसारासकट!

मग मी बरोबर काय घेऊन आलोय? फोनमधले नंबर. त्यातल्या निम्म्या लोकांना मी फोन केला की वाटत असणार, आलं परत मागणं. उद्या वसतिगृहातल्या मुलीने विचारलं, ही टाकी कोणी दिली, तर तिला काय सांगू? एका माणसाने मला घाबरून दिली?

आणि मागे राहिलेली पोरं. पंक्चरच्या दुकानातून उचलून ज्याला मी तालुकाध्यक्ष केलं, तो काल रात्री दारात उभा होता. "भाऊ, आता आमचं कोण?" एवढंच म्हणाला. जेवला नाही. रामघाटावर तू जे ओरडून सांगत होतास ते त्याने तीन शब्दांत सांगितलं. तुझं तेवढं बरोबर होतं, दिगू. तेव्हा कबूल केलं नाही, आज करतो.

पाकीट तसंच कपाटात आहे. मोजलंही नाही. परत करावं तर शेठ घाबरतील, कमी पडले म्हणून परत केले असं समजतील. ट्रस्टमध्ये नाव न लावता भरणं माझ्याने होणार नाही.

धाकटीचं जमल्याचं कळलं, फार बरं वाटलं. तारीख कळव, चार दिवस आधी येतो. नातू चालायला लागला का? गुडघ्याचं मनावर घे.

रविवारी ये. आपण दोघं शेठकडे जाऊ. त्यांच्यासमोर पैसे मोजू आणि पावती तू लिही, तुझ्या त्या अक्षरात, पूर्ण नाव विचारून. त्यांना आधी वसतिगृह दाखवायला नेऊ. बघून पटलं तरच पैसे घेऊ, नाहीतर पाकीट तिथेच ठेवून येऊ. मी एकटा गेलो तर ते पुन्हा ड्रॉवरच उघडतील.

सकाळची गाडी धर. स्टेशनवर येतो.

तुझाच,
बापू