खासगी रस्त्यावरचा धोकादायक राडारोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पूर, वादळ, भूकंप किंवा वणवा यांनंतर मुख्य रस्ते लवकर मोकळे केले जातात; मात्र रहिवाशांच्या सामाईक मालकीचे अंतर्गत रस्ते अनेकदा तसेच अडलेले राहतात, कारण 'रस्ता खासगी आहे, तो ज्याचा त्याने साफ करावा' असे उत्तर पालिकेकडून मिळते. एरवी हे उत्तर योग्यच आहे. ज्या रस्त्याची देखभाल पालिकेकडे नाही, त्यावरचा पालापाचोळा किंवा पडलेले कुंपण करदात्यांच्या पैशातून उचलले जावे, असे मीही म्हणणार नाही. परंतु जिवाला धोका असलेला राडारोडा याला अपवाद मानला पाहिजे, आणि तो हटवण्याची तयारी आपत्तीपूर्वीच कागदावर झालेली असली पाहिजे.

पडलेल्या झाडाखाली दबलेली वीजवाहिनी पुरवठा बंद केल्यानंतरही निर्धोक समजता येत नाही. एखाद्या घरातील चुकीच्या पद्धतीने जोडलेल्या जनरेटरमधून तिच्यात उलट दिशेने वीज येऊ शकते. ॲस्बेस्टॉसच्या फुटक्या पत्र्यांचे तुकडे कोरडेच झाडले, तर त्यातील तंतू हवेत मिसळून फुप्फुसांत जातात आणि त्यातून होणारा कर्करोग कित्येक वर्षांनी उघडकीस येतो. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या लिथियम-आयन बॅटऱ्या पाणी ओसरून काही दिवस झाल्यावरही पेट घेऊ शकतात. गॅस सिलिंडर, कीटकनाशके, फुटकी काच हे सारे त्याच चिखलात मिसळलेले असते. फावडे-घमेले घेऊन निघालेल्या रहिवाशांनी करायचे हे काम नव्हे. शिवाय त्याच रस्त्याने रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाचा बंब आत यायचा असतो.

कायद्याला ही कल्पना नवी नाही. आपल्याकडील आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३४ नुसार जिल्हा प्राधिकरणाला ढिगारे हटवण्याचा अधिकार आहे. अमेरिकेतील आपत्ती-मदतीविषयीच्या स्टॅफर्ड कायद्याचे कलम ४०७ तर खासगी जमिनीचा स्पष्ट उल्लेख करते. मात्र स्थानिक प्रशासनाने आधी विनाअट परवानगी मिळवावी आणि केंद्र सरकारवर नुकसानभरपाईचा दावा आल्यास तो स्वतः सोसण्याची हमी द्यावी, अशी अट घालते. कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ च्या वणव्यात पॅराडाइज हे गाव जवळजवळ संपूर्ण जळाले, तेव्हा सरकारी पथकांनी आधी घातक पदार्थ उचलले आणि नंतर मालकांकडून लेखी प्रवेशपरवानगी घेऊन सरकारी खर्चाने उरलेला ढिगारा हटवला. ज्यांच्या विम्यात ढिगारा हटवण्याची तरतूद होती, त्यांच्याकडून ती रक्कम वळती करून घेण्याची सोयही होती. ही मला न्याय्य वाटते, कारण त्यामुळे एकाच कामाचे पैसे दोनदा दिले जात नाहीत.

पालिकांची खरी भीती दाव्यांची असते, आणि ती निराधार नाही. अवजड यंत्र आत नेताना जमिनीखालची जलवाहिनी फुटू शकते, मलकुंडाचे झाकण खचू शकते. म्हणूनच काम सुरू करण्यापूर्वी छायाचित्रे काढणे, जमिनीखालच्या वाहिन्यांचा नकाशा रहिवाशांकडून आधीच घेऊन ठेवणे आणि काम धोका दूर करण्यापुरते व वाहनाला वाट होण्याइतकेच मर्यादित ठेवणे, हे नियमातच लिहिलेले असावे.

सर्वांत मोठी अडचण संमतीची आहे. सामाईक रस्त्याचे अनेक सहमालक असतात आणि आपत्तीनंतर त्यांतले कित्येक नातेवाइकांकडे किंवा निवारा केंद्रात गेलेले असतात; त्या दिवसांत प्रत्येकाची सही गोळा करणे अशक्य असते. त्यामुळे पालिकेने अशा रस्त्यांची यादी करून संमतिपत्रे आपत्तीपूर्वीच घ्यावीत आणि दर काही वर्षांनी त्यांचे नूतनीकरण करावे. जिथे तारा लोंबकळत असतील, वायुगळती होत असेल किंवा आत कोणी अडकलेले असेल, तिथे सहीची वाट न पाहता प्रवेश करण्याचा अधिकार ठरावीक अधिकाऱ्याला नावानिशी दिलेला असावा आणि केलेल्या कामाची लेखी सूचना मालकांना नंतर पोहोचवावी.

आपला विश्वासू,
एक वाचक